गायरानातला सोलर प्रकल्प नेमका कुठे अडकतो आणि गावाच्या हातात काय असतं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे मी भलत्याच गोष्टीचं उत्तर देत बसणार नाही. औसा तालुक्यातलं गाव, गायरानातली २५ एकर जागा सौर कृषी वाहिनीच्या (शेतीपंपांना सोलरवर दिवसा वीज द्यायची राज्याची योजना) ५ मेगावॉट प्रकल्पाला दिलीय, वर्ष होत आलं तरी कंपाऊंडचा एक खांब उभा नाही, ग्रामसभेत दोन वेळा गोंधळ झाला, आणि तुम्ही ग्रामपंचायत सदस्य म्हणून विचारताय की दिवसा लाईट तर सगळ्यांनाच पाहिजे मग विरोध करणारे नक्की कोण आणि का, आणि आपण काय करू शकतो.

मी बरीच वर्षं सोलर प्रकल्पांसाठी जागा, मोजणी, लाईनचा रूट आणि परवानग्या हेच काम करतोय, आधी ठेकेदार कंपन्यांसाठी आणि आता स्वतंत्रपणे. त्यामुळे मला जे दिसतं ते दोन्ही बाजूंनी दिसतं असं म्हणायला हरकत नाही. तुमच्या गावचे कागद मी बघितलेले नाहीत, म्हणून जिथे जिथे "कागदावर अवलंबून" आहे तिथे तसं सांगेन.

पहिली गोष्ट, "सगळ्यांनाच दिवसा लाईट पाहिजे" हे वाक्य तपासा. दिवसा लाईट पाहिजे ती मोटरवाल्याला. आज आठवड्यात काही दिवस दिवसा ८ तास आणि काही दिवस रात्री ८ ते १० तास असं थ्री फेजचं चक्र चालतं, रात्री दोन वाजता पाणी द्यायला जाणं, साप, थंडी, हे सगळं खरं आहे आणि या योजनेचा खरा फायदा तोच आहे. बिलाचा फायदा म्हणाल तर साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून तसंही बिल माफ आहे, त्यामुळे शेतकऱ्याला पैशात काही मिळत नाही, वेळेत मिळतं. पण गायरान कोण वापरतं? ज्याच्याकडे दहा शेळ्या आहेत आणि जमीन नाही तो. मेंढरंवाला धनगर. दुसऱ्याच्या शेतात कामाला जाणारी बाई जी संध्याकाळी तिथून सरपण आणि गवत आणते. ज्याची शेळी आहे त्याची मोटर नाही. म्हणजे गावात मिळवणारा वेगळा आणि गमावणारा वेगळा, आणि ग्रामसभेत हे दोघं समोरासमोर आले की गोंधळ होणारच, त्याला राजकारण म्हणून उडवून लावू नका (राजकारण असतंच, पण ते या फटीत शिरतं, फट ते तयार करत नाही).

आणि एक पायरी पुढे जा. तुमच्या गायरानातली वीज जाणार ३३/११ केव्ही सबस्टेशनला (३३ हजार व्होल्टची वीज ११ हजारावर आणणारं केंद्र), त्या सबस्टेशनवरून चार-पाच गावांचे शेतीचे फिडर, म्हणजे गावांकडे जाणाऱ्या वीजवाहिन्या, निघतात. म्हणजे जागा एका गावाची आणि दिवसा लाईट पाच गावांना. यात वाईट काही नाही, पण तुमच्या गावच्या माणसाला हा हिशोब कोणी समजावून सांगितलेला नसतो आणि तो स्वतःच करतो, चहाच्या टपरीवर.

आता पैशांचा हिशोब बघा, मला वाटतं खरी मेख इथे आहे. खाजगी जमीन या योजनेत भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये, म्हणजे एकरी ५० हजार, आणि त्यावर दरवर्षी ३ टक्के वाढ. सरकारी जमीन मात्र नाममात्र १ रुपया भाड्याने. गावाला काय, तर जिथे प्रकल्प होतो त्या ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख असं तीन वर्षं, एकूण १५ लाख, लोकोपयोगी कामासाठी. तुमची २५ एकर जर कोणा शेतकऱ्याची पडीक असती तर त्याला पहिल्याच वर्षी साडेबारा लाख मिळाले असते आणि पुढे वाढत गेले असते. गावाला तीन वर्षांत १५ आणि नंतर काही नाही, प्रकल्प मात्र पुढची दोन-अडीच दशकं तिथेच. कायद्याने बघितलं तर गायरान शासनाच्या मालकीचं आहे, ग्रामपंचायतीकडे फक्त देखरेख, त्यामुळे भाडं मागायचा हक्क नाही, ठीक. पण माणसं कायद्याने हिशोब करत नाहीत, शेजारच्या बांधावर काय मिळालं यावरून करतात. धुळे जिल्ह्यातल्या विखरणच्या, मंत्रालयात विष घेतलेल्या शेतकरी धर्मा पाटलांचं प्रकरण २०१८ साली सगळ्या महाराष्ट्राने बघितलं, वीज प्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीचाच विषय होता आणि त्यांचं म्हणणं हेच होतं की आजूबाजूच्यांना जास्त मिळालं, मला कमी.

मग सरकार गायरानच का निवडतं? कारण सोपं आहे. २०२३ च्या मे महिन्यात योजनेचा दुसरा टप्पा आला, उद्दिष्ट होतं डिसेंबर २०२५ पर्यंत किमान ३० टक्के शेती फिडर सौरऊर्जेवर आणायचे, मूळ आकडा ७ हजार मेगावॉट. मेगावॉटला चार ते पाच एकर धरा, म्हणजे २८ ते ३५ हजार एकर जमीन, आणि ती पण कुठेही नाही, सबस्टेशनच्या जवळच, खाजगी असेल तर ५ किलोमीटरच्या आत आणि सरकारी असेल तर १० च्या आत. एवढ्या वेळात एवढी खाजगी जमीन जमवायची म्हणजे प्रत्येक सातबाऱ्यावर पाच-सहा नावं, त्यातली दोन मयत, वारस नोंद नाही, एक मुलगी पुण्याला, एक भाऊ बोलत नाही, सोसायटीचा बोजा, पोटहिश्श्याची मोजणी नाही. मराठवाड्यात त्यात अजून खिदमतमाश, मदतमाश अशा (सेवेसाठी किंवा उदरनिर्वाहासाठी दिलेल्या) इनामी जमिनींचा घोळ. एका खातेदाराची सही राहिली की नोंदणीकृत भाडेपट्टा होत नाही आणि पट्टा नाही म्हणजे बँक कर्ज देत नाही. सरकारी जमिनीला एकच मालक. कलेक्टर ऑफिसातून यादी निघाली की काम झालं असं वाटतं.

वाटतं, म्हणजे होत नाही. कारण ती यादी कशी बनते ते मी जवळून बघितलंय. वरून पत्र येतं, अमुक सबस्टेशनपासून अमुक अंतरात सरकारी जमीन किती आहे ते दोन दिवसांत कळवा. तलाठी गाव नमुना १-ब बघतो, सरकारी जमिनीची नोंदवही, त्यात गट नंबर आणि क्षेत्र आहे, तो भरून पाठवतो. नमुना १-ई म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही, ती बऱ्याचदा किती वर्षांत अद्ययावत केलेली नसते. जागेवर कोणी जात नाही, जायला वेळच दिलेला नसतो. यादीत २५ एकर "मोकळी" दिसते. आणि जागेवर? एका कोपऱ्यात स्मशानभूमी, मधून वस्तीचा रस्ता, पाझर तलावात जाणारा ओढा, आणि सात-आठ एकर कोणीतरी चाळीस वर्षं कसतंय.

हे कसणारे कोण हे समजून घेतल्याशिवाय मराठवाड्यात पुढे जाऊच नका. आंबेडकरी चळवळीतले नेते दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९६४-६५ चा भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, त्या चळवळीचं मोठं बळ याच भागात होतं, पडीक सरकारी जमीन भूमिहीनांना द्या ही मागणी. पुढे १९७८ आणि १९९१ चे शासन निर्णय आले, १९९१ च्या निर्णयात १४ एप्रिल १९९० ही तारीख धरली की त्याआधीची अतिक्रमणं पात्र असतील तर नियमित करायची. कितीतरी कुटुंबं पात्र असूनही त्यांच्या नावावर सातबारा झालाच नाही, दंडाच्या पावत्या मात्र जपून ठेवलेल्या असतात. तुमच्या गावात असा माणूस असेल तर तो प्रकल्पाच्या आड आलेला अतिक्रमणवाला नाही, त्याचा दावा प्रकल्पापेक्षा जुना आहे, आणि कोर्टात गेला तर स्टे मिळायची शक्यता चांगलीच असते. दुसरीकडे २०११ चा सुप्रीम कोर्टाचा जगपाल सिंग निकाल आहे, गावच्या सार्वजनिक जमिनी वाचवा म्हणणारा, त्यानंतर राज्याने गायरान वाटपावर कडक बंधनं आणली, आणि महसूल संहितेत कलम २२-अ आलं की सार्वजनिक प्रयोजन सोडून गायरान वळवायचं नाही. सोलरला सार्वजनिक प्रयोजन म्हणून जागा मिळते. म्हणजे भूमिहीनाला सांगायचं की गायरान देता येत नाही आणि त्याच महिन्यात कंपनीला १ रुपयात द्यायचं. कायद्यात हे बसतही असेल, पण ग्रामसभेत उभं राहून हे समजावून दाखवा बरं.

अजून एक गोष्ट जी फार कमी लोकांच्या लक्षात येते. थर्मल प्रकल्प आला तर पर्यावरण परवानगी लागते, जनसुनावणी होते, लोक येऊन बोलतात, त्याची नोंद होते. सोलर पॅनलच्या प्रकल्पाला ती परवानगी लागत नाही, म्हणून जनसुनावणी पण नाही. धूर नाही, राख नाही, त्यामुळे सूट बरोबरच आहे. पण मग लोकांनी आपलं म्हणणं मांडायचं कुठे, तर एकच जागा उरते, ग्रामसभा, आणि ती पण जागा ठरून झाल्यावर. तुमच्याकडे दोनदा गोंधळ झाला त्याचं मला आश्चर्य वाटत नाही.

इथपर्यंतचं एकदा गोळा करतो: जागा आधी सबस्टेशनच्या अंतरावरून ठरली, मग कागदावरून ठरली, गाव शेवटी आलं. अडथळे जे येतात ते जवळपास सगळे या उलट्या क्रमातून येतात, पॅनल किंवा पैसा कमी पडला म्हणून अडकलेला प्रकल्प मला तरी क्वचित दिसतो.

जमिनीचं सुटलं तरी तारेचं राहतंच. समजा प्रकल्पापासून सबस्टेशन ५ किलोमीटर. ११ केव्हीच्या लाईनला साधारण ५० मीटरवर एक पोल धरला तर किलोमीटरला २०, म्हणजे एकूण शंभर पोल, आणि ते कोणाच्या तरी बांधावरून, उसातून, द्राक्षाच्या मांडवाजवळून जाणार. टॉवर लाईनचा मोबदला मिळतो असं लोकांनी ऐकलेलं असतं, आणि मिळतोही, केंद्राच्या २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारेखालच्या पट्ट्याला ३० टक्के म्हटलंय, पण ते ६६ केव्ही आणि त्यावरच्या लाईनला. तुमची ११ किंवा ३३. त्यात बसत नाही. मग काय, ठेकेदाराचा माणूस एकेका शेतकऱ्याशी बोलतो, एकाला पीक नुकसान म्हणून काही देतो, दुसऱ्याला कळतं, तो दुप्पट मागतो, तिसरा म्हणतो पोलच नको. पॅनल उभे आहेत आणि शेवटच्या चार पोलांसाठी प्रकल्प बंद पडलाय असं दृश्य मी बघितलेलं आहे. माझा सल्ला नेहमी एकच, लाईन शक्यतो शिवरस्त्याने किंवा पाणंदीने न्या. पण पाणंद मोकळी कुठे आहे, ती दोन्ही बाजूंनी नांगरून खाल्लेली, ती मोकळी करायची म्हणजे तहसीलदारांकडे वेगळी केस. म्हणून लाईनचा रूट हा पहिल्या महिन्यातला विषय आहे, शेवटच्या नाही.

सबस्टेशनची तब्येत पण विचारा. तिथे ५ एमव्हीए क्षमतेचे ट्रान्सफॉर्मर किती, आधीच कोणता दुसरा सोलर प्रकल्प तिथे जोडलाय का, शेतीचे फिडर गावठाणापासून वेगळे झालेत का. पावसाळ्यात मोटरी बंद असतात आणि ऊन पडलं की तुमचे ५ मेगावॉट जाणार कुठे, उलटे ३३ च्या लाईनवर चढणार, त्याची तयारी लागते. आणि लोकांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा, सबस्टेशनची लाईट गेली की सोलर प्रकल्प पण बंद होतो, तो ग्रीडला जोडलेला असतो, ग्रीड मेलं की सुरक्षेसाठी त्याला थांबावंच लागतं. "आपल्याच गायरानात वीज तयार होते आणि आपल्याच गावात अंधार" ही तक्रार नंतर ऐकण्यापेक्षा हे आधी सांगितलेलं बरं.

कागदावर अवलंबून असलेल्या दोन-तीन गोष्टी पटकन सांगतो. जागा किंवा लाईन वनजमिनीतून जात असेल तर वनहक्क कायदा २००६ चं कलम ३(२) बघा, त्यात १३ सुविधांची यादी आहे, वीजवाहिन्या आणि अपारंपरिक ऊर्जा दोन्ही त्यात आहेत, प्रत्येक ठिकाणी १ हेक्टरपेक्षा कमी जागा, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. पोलांच्या लाईनला हे कामाला येतं, २५ एकराच्या प्रकल्पाला येत नाही. नंदुरबार, पालघर, गडचिरोलीकडचं कोणी हे वाचत असेल तर पेसा क्षेत्र (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जास्त अधिकार देणारा कायदा लागू असलेला भाग) आणि आदिवासी खातेदाराची जमीन हे पूर्ण वेगळं प्रकरण आहे, महसूल संहितेचं कलम ३६-अ वाचल्याशिवाय भाडेपट्ट्याची भाषाच करू नका. आणि सोलापूर, इंदापूर, सुप्याकडची माळरानं, जिथे चिंकारा, लांडगा फिरतो, तिथे "पडीक" शब्द मी स्वतः वापरत नाही, ते गवताळ रान आहे आणि मेंढपाळांचे रस्ते त्यातून जातात.

मग जिल्ह्यात हे सगळं एकत्र बघणारं कोणी नाही का? कागदावर आहे, कलेक्टर आहेत. प्रत्यक्षात जमीन महसूलकडे, तार महावितरणकडे, ग्रामपंचायत बीडीओकडे, झाडं वनखात्याकडे, आणि तारखा ठेकेदाराकडे. जिल्हा नियोजन समितीच्या आराखड्यात रस्ते, शाळाखोल्या, डीपी येतात, पण "या तालुक्यात पुढच्या दहा वर्षांत सोलर कुठे चालेल आणि कुठे नको" असा नकाशा माझ्या तरी हातात कधी कोणी दिलेला नाही. मला विचाराल तर सगळ्यात मोठी उणीव हीच आहे. तालुक्याचा एक साधा नकाशा, सबस्टेशन, मुरमाड पडीक, चराईची जागा, कसलेली गायरानं, पाणंदी, एवढं जरी असलं तरी अर्धी भांडणं होणार नाहीत.

तो नकाशा वरून येईपर्यंत गावाने स्वतःपुरता बनवायला काही हरकत नाही, आणि तुमच्यासाठी मी इथूनच सुरुवात करेन. तलाठ्याकडून गट नंबरचा नकाशा, १-ब आणि १-ई चे उतारे घ्या. मग दोन मेंढपाळ, कसणाऱ्यांपैकी कोणी, बचत गटातल्या दोन बायका आणि कंपनीचा साईट इंजिनिअर यांना घेऊन गायरान चालून या, सकाळी जा, जनावरं सोडायच्या वेळेला. कुठून जनावरं पाण्यावर जातात, कुठे कसलंय, रस्ता कुठून, सगळं त्या नकाशावर पेनाने मारा. मग कळेल की २५ पैकी खरोखर मोकळी किती. माझा अंदाज १५-१६ च्या आसपास निघेल, चुकूही शकतो. उरलेल्या मेगावॉटसाठी दोन पर्याय, एकतर प्रकल्प ३ मेगावॉटचा करा, लहान प्रकल्प काही वाईट नसतो, या दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावचा, २०२४ मध्ये सुरू झाला, तो ३ मेगावॉटचाच आहे. नाहीतर सबस्टेशनजवळ एखादा सलग मुरमाड पडीकवाला शेतकरी शोधा, एकरी ५० हजार ऐकून चार जण स्वतःहून येतील. क्षमता बदलायची म्हणजे कंपनीला परत वरून मंजुरी घ्यावी लागेल, ते नाक मुरडतील, पण वर्षभर काहीच न होण्यापेक्षा त्यांनाही ते परवडतं, फक्त ते त्यांच्या तोंडून आधी येणार नाही.

चराईबद्दल कंपनीशी लेखी बोला. पॅनलखाली गवत येतंच आणि ते कापायला कंपनीला मजूर लावावे लागतात. मेंढरं सोडू द्या म्हणा. शेळ्यांना कोणी परवानगी देणार नाही, त्या वर चढतात, वायर कुरतडतात, मेंढरं खाली मान घालून चरतात. निदान कापलेलं गवत गावातल्या जनावरवाल्यांना द्यायचं एवढं तरी नक्की पदरात पडतं.

पाण्याचं विचारा. पॅनल धुवायला पाणी लागतं आणि तुम्ही लातूर जिल्ह्यात आहात, २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं ते काही कोणी विसरलेलं नाही. गावच्या विहिरीतून उन्हाळ्यात एक टँकर जरी प्रकल्पात गेला तरी तुमचा ठराव रद्द करायची मागणी येईल. पाणी कुठलं, किती, मार्च ते जूनमध्ये कोरड्या ब्रशने सफाई करणार का, हे ठरावात घाला.

आणि ते १५ लाख. ते कशावर खर्च होणार हे प्रकल्प सुरू झाल्यावर ठरवू म्हणालात तर ते पेव्हर ब्लॉकमध्ये जातील, हे तुम्हाला पण माहिती आहे. ते आधी ठरवा आणि ज्यांचं गेलं त्यांच्याकडे वळवा, उरलेल्या गायरानात गवताची लागवड, जनावरांसाठी पाण्याचा हौद, स्मशानभूमीचा रस्ता. कसणाऱ्यांचे दावे असतील तर त्यांचे कागद तहसीलला वेगळे सादर करा आणि तेवढं क्षेत्र प्रकल्पातून वगळा असा ठराव घ्या, त्याचा निकाल लागेपर्यंत बाकीच्या जागेवर काम सुरू होऊ शकतं. ग्रामपंचायतीचा ठराव कायद्याने किती बंधनकारक यावर तुम्हाला तालुक्यात तीन जण तीन उत्तरं देतील, त्यात पडू नका. अटींसकट झालेला ठराव असला की कंपनी पण तोच पुढे करते, कारण त्यांना बँकेला दाखवायचं असतं की जागेवर वाद नाही.

नोकऱ्यांच्या आश्वासनावर मात्र काही बांधू नका. ५ मेगावॉटच्या प्रकल्पाला बांधकाम झालं की राखणदार, गवत कापणारे, धुणारे मिळून मोजकी माणसं लागतात. पोरांना "कंपनी येतेय" सांगून सह्या घेतल्या असतील तर ते आत्ताच दुरुस्त करा.

तुम्ही लिहिताना सबस्टेशनचं अंतर सांगितलेलं नाही, आणि लाईन कोणाच्या शेतातून जाणार ते पण नाही. ते कळलं आणि १-ई चा उतारा मिळाला की परत लिहा, रूटचं बघून सांगतो. पावसाळ्याच्या आत मोजणी झाली तर बरं, काळ्या मातीत एकदा पाऊस पडला की मोजणीवाले पण येत नाहीत आणि पायलिंगची (पॅनलचे खांब रोवायची) मशीन पण आत जात नाही, थेट दिवाळीनंतरच.